पदकाची कड



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आजचा विषय वाचून काही मित्रांनी आम्हांला विचारले, "तुम्ही युनियनची माणसे, इंग्रजांच्या लढायांच्या पदकांशी तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, आपल्याकडील ज्या माणसांना ही पदके मिळाली, त्यांतील बहुतेक पोटासाठी गेली होती. आपण ज्याला साम्राज्याचा इतिहास म्हणतो, तो त्यांच्या लेखी पगार, भत्ता आणि घरी धाडावयाची मनिऑर्डर यांचा इतिहास होता. कोकणात आणि साताऱ्याकडे कित्येक घरांत ट्रंकेच्या तळाशी अशी पदके आजही सापडतात. ती कशाबद्दलची, हे घरच्यांनाही ठाऊक नसते. ज्याला मस्टर वाचता येते त्याला पदकही वाचता येईल. त्याला फार इंग्रजी लागत नाही, नजर लागते.

पाहावयाच्या गोष्टी चार: फीत, पट्टी, कड आणि धातू.

प्रथम फीत. पहिल्या महायुद्धाची पदके बहुधा तीन एकत्र सापडतात. एक काशाचा तारा. त्याची फीत तांबडी, पांढरी आणि निळी, पण हे रंग एकमेकांत मिसळत गेलेले. दुसरे चांदीचे गोल पदक. एका बाजूस पाचव्या जॉर्जचे मस्तक, दुसऱ्या बाजूस घोडेस्वार, आणि फितीच्या मध्यभागी रुंद नारिंगी पट्टा. तिसरे काशाचे विजयपदक. त्यावर पंख असलेली विजयदेवता आणि फितीवर मध्यभागी तांबडा येईल असे दुहेरी इंद्रधनुष्य.

दुसऱ्या महायुद्धातील तारे मात्र सर्व एकाच घडणीचे, सहा टोकांचे. तेथे दुरून ओळखू येते ती फीतच. आफ्रिकेच्या ताऱ्याची फीत वाळवंटाच्या वाळूच्या रंगाची. तीवर पायदळाचा तांबडा, आरमाराचा गडद निळा आणि विमानदळाचा फिकट निळा पट्टा. ब्रह्मदेशाच्या ताऱ्याची फीत निळी. मध्ये रुंद तांबडा पट्टा आणि दोन्ही बाजूंच्या निळ्यात एकेक नारिंगी रेघ. इटलीच्या ताऱ्यावर तांबडा, पांढरा आणि हिरवा हे त्या देशाच्या निशाणाचेच रंग.

परंतु केवळ फितीवर विसंबू नये. १९१४ चा तारा आणि १९१४-१५ चा तारा या दोहोंची फीत एकच आहे. पैकी पहिला ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स-बेल्जममध्ये सेवा केलेल्यांचा. म्हणजे तो घरात निघाला, तर आपला माणूस युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्याच्या तोंडी तिकडे पोचला होता असे समजावे. दोन ताऱ्यांतला हा फरक फीत सांगत नाही. ताऱ्यावरचे साल सांगते. शिवाय फीत जीर्ण होते आणि बदलली जाते. धातू तसा बदलत नाही.

दुसरी गोष्ट पट्टी. फितीवर आडवी बसविलेली ही धातूची पट्टी लढाईचे नाव सांगते. ईस्ट इंडिया कंपनीने १८५१ साली एक पदक मंजूर केले. त्याची फीत फिकट निळी. त्यावरील पट्ट्या १८०३ ते १८२६ या काळातील लढायांच्या. असई, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, कोरेगाव ही आपल्याच मातीतली नावे त्यांवर इंग्रजी वळणाने कोरलेली आढळतात. आता हिशेब करा. असईची लढाई १८०३ ची आणि पदक १८५१ चे. मध्ये ४८ वर्षे गेली. आणि ते मिळावयाचे फक्त हयात असलेल्यांना! गिरणीमालकाने ४८ वर्षांनी बोनस जाहीर करावा आणि जो जिवंत असेल त्यानेच अर्ज करावा, तशातला हा व्यवहार.

तिसरी गोष्ट कड, आणि आमच्या मते सर्वांत मोलाची. पहिल्या महायुद्धातील गोल पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ताऱ्याच्या पाठीवर असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने आपल्या सैनिकांना पदके दिली ती नाव न कोरताच. हिंदी शिपायांच्या पदकांवर मात्र नावे आहेत. पलटणीच्या आकड्यावरून काळही कळतो. '१०३ मराठा लाइट इन्फन्ट्री' असे असेल तर ते १९२२ च्या आधीचे. त्या साली क्रमांक बदलून ती पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण झाली. '१११ महार' ही पलटण १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ साली मोडली गेली. कडेवर हे नाव असेल, तर एका मोडलेल्या पलटणीचा पुरावाच आपल्या हाती आहे असे समजावे.

आता चौथी गोष्ट, धातू. आणि आम्ही हा विषय का घेतला ते येथे कळेल. १९०३-०४ साली इंग्रजांचे सैन्य तिबेटात गेले. त्याबद्दलचे पदक शिपायांना चांदीचे मिळाले, आणि ज्यांनी बर्फातून पाठीवर ओझी वाहिली त्या हमालांना व इतर नोकरचाकरांना काशाचे. फीत एकच, चित्र एकच, ल्हासाचा पोटाला राजवाडाही तोच, धातू निराळा. पहिल्या महायुद्धाच्या त्या घोडेस्वाराच्या पदकाचेही तेच झाले. चांदीची पदके ६० लाखांहून अधिक निघाली. काशाची सुमारे १,१०,०००. ही काशाची पदके मुख्यतः मजूर दलांतील लोकांसाठी होती. त्यांत चिनी मजूर पुष्कळ, माल्टाचे होते, आणि आपल्या देशातलेही होते. चिनी मजुराच्या पदकाची कड पाहिली तर तेथे नाव सापडत नाही. नुसता नंबर आणि 'चिनी मजूर दल'!

बंधूंनो, खंदक खणणारा आणि दारूगोळा वाहणारा माणूस तोफेच्या पल्ल्याबाहेर उभा नव्हता. तरीही श्रमाचा दर्जा खालचा, हे त्याच्या छातीवरच लिहून ठेवले गेले. कोणी म्हणतील, धातूत काय एवढे? आम्ही तीस वर्षे पगारपत्रके वाचीत आलो. एकच यंत्र चालविणाऱ्या कायम आणि बदली कामगारांच्या रकमा शेजारीशेजारी लिहिलेल्या पाहिल्या. काय एवढे, हे त्या बदली कामगाराला विचारावे.

म्हणून घरी पदक निघाले तर एवढे करा. ते चिंचेने वा राखेने घासू नका. घासून कडेची अक्षरे पुसट होतात. एका माणसाची पदके वेगळी करू नका. कडेवरील अक्षरे जशीच्या तशी वहीत उतरवून घ्या, आणि घरातील वडीलधाऱ्यांना जे आठवते तेही शेजारी लिहा. ते वजनावर विकू नका. १९८० च्या सुमारास चांदीचा भाव चढला तेव्हा अशी कितीतरी पदके मुशीत गेली आणि त्यांबरोबर कडेवरची नावेही गेली. आणि काशाचे निघाले तर सोनार त्याला किंमत देणार नाही. म्हणून ते टाकू मात्र नका. ज्याने ओझे वाहिले त्याची, त्या घरात उरलेली, बहुधा तेवढीच एक नोंद असेल.