काळारामाच्या दारातले नीतिशास्त्र



 

नीतिशास्त्राच्या पहिल्या तासाला आपल्या वर्गात हल्ली ट्रॉली येते. रुळांवर पाच माणसे, फाट्यावर एक, आणि खटका विद्यार्थ्याच्या हाती. फिलिपा फूट यांच्या १९६७च्या लेखातून निघालेले हे उदाहरण बुद्धीला चांगले राबवते. पण त्यातल्या माणसांना नाव नाही, गाव नाही, आणि स्वतःचे काही म्हणणेही नाही. नाशिकात बसून नीतीची चर्चा करायची तर काळारामाचा सत्याग्रह घ्यावा.

२ मार्च १९३० रोजी हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष पंचवटीतल्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी निघाले. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे, संघटन दादासाहेब गायकवाडांचे. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदाकाठी गेली, सभा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रहींच्या तुकड्या दारांशी बसू लागल्या. रामनवमीचा रथ दोन्ही बाजूंनी मिळून ओढण्याचा समझोता झाला होता. तो मोडला, दगडफेक झाली. लढा वर्षानुवर्षे चालला. दार उघडले नाही.

उपयुक्ततावादी इथे सर्वांच्या सुखदुःखाची बेरीज करायला सांगेल. पण स्पर्शाने आतल्यांना होणारा ‘त्रास’ त्या बेरजेत धरायचा का? धरला आणि आतले संख्येने जास्त असले, तर अन्यायच नीती ठरतो. धरू नये म्हणावे, तर का धरू नये याचे उत्तर बेरजेत सापडत नाही. कांट ते देतो: माणूस स्वतःच साध्य आहे, कुणाच्या शुद्धतेचे साधन नव्हे. सुखवादावरचे आक्षेप मराठीत टिळकांनी ‘गीतारहस्या’त १९१५ सालीच सविस्तर मांडले होते, आणि वामन मल्हार जोशींच्या ‘नीतिशास्त्रप्रवेशा’ने पुढे आपल्याला या चर्चेची वाट घालून दिली. हे ऋण मोठे आहे. तरीही नुसत्या कर्तव्याने भागत नाही. रूढी राखणे हे आपले कर्तव्यच आहे, अशी दार लावणाऱ्यांचीही धारणा होती.

ही गाठ बाबासाहेबांनी १९३६ साली, ‘जातिसंहारा’वरील न झालेल्या भाषणात, सोडवली. नियम काय करावे ते सांगतो. तत्त्व कृतीची पारख कशी करावी ते सांगते. नियमाने केलेले योग्य कृत्यही यांत्रिक असू शकते. तत्त्वाने वागणारा चुकेल, पण तो जाणून वागतो आणि म्हणून जबाबदार असतो. विसाव्या शतकातल्या भारतीय नीतिविचारात याहून मोलाची मांडणी मला ठाऊक नाही, आणि आपल्या अभ्यासक्रमांत तिला जेमतेम जागा आहे याचे मला दुःख आहे.

दार तर उघडले नाही; मग सत्याग्रह फसला का? ३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी गायकवाडांना लिहिलेले पत्र पाहा. दलितांना मूर्तिपूजक करण्यासाठी हा लढा नव्हता, मंदिरात गेल्याने समता येईल असेही त्यांना वाटत नव्हते; लोकांत चेतना यावी आणि आपल्या स्थितीचे भान यावे, हा हेतू होता. म्हणजे दार उघडले की नाही, या मापाने परिणाम मोजणेच चूक आहे. धैर्य धैर्याची कामे करूनच अंगी बाणते, असे ॲरिस्टॉटल सांगतो. उन्हातान्हात त्या दारांशी बसलेल्यांत ते बाणले. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही ही बाबासाहेबांची घोषणा झाली, तेव्हा ती ऐकायला तयार झालेला समाज समोर होता.

अध्यापक मित्रांनो, जूनमध्ये वर्ग भरतील तेव्हा पहिल्या तासाला बाबासाहेबांचे हे पत्र वाचून दाखवा. सिद्धांतांची नावे नंतर सांगा. आधी विचारा, दार कोणी आणि कशाच्या आधारावर लावले? ज्यांच्या घरी त्या लढ्याच्या आठवणी आहेत अशी मुले तुमच्यापुढे बसलेली असतील. त्यांना बोलावेसे वाटले, तर पहिला मान त्यांना द्या.