मुलींचे वस्त्र : वय, माप आणि विवेक

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर धर्म, शिक्षण, आरोग्य असे विषय शोभून दिसतात. त्या मानाने दहा-बारा वर्षांच्या मुलीसाठी कपडे कसे घ्यावेत, हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या समाजातील कितीतरी घरांची चूल पिढ्यान्‌पिढ्या कापडाच्या ताग्यावर पेटली, त्या समाजाने तरी त्याला किरकोळ मानू नये. मायलेकींमधला पहिला मोठा अबोला पुष्कळदा कापडाच्या दुकानातच सुरू होतो, हे गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

सोलापुरातील चाटी गल्ली सर्वांच्या परिचयाची आहे. चाटी म्हणजे कापड विकणारा. गल्लीच्या नावातच धंदा आहे. दिवाळीला चार दिवस उरले असताना तेथील एका दुकानात आजी, सून आणि अकरा वर्षांची नात अशा तिघीजणी आल्या. नातीला दर्शनी पुतळ्यावरचा, खांदे उघडे असलेला अंगाबरोबरचा टॉप हवा होता, कारण वर्गातील मैत्रिणीने तसा घेतला होता. आईच्या डोळ्यांसमोर मावसबहिणीचे लग्न होते, म्हणून तिने टिकल्यांचा, पाठीवर दोऱ्या असलेला घागरा काढायला लावला. आजींचे म्हणणे तिसरेच. "आता ती मोठी झाली, तिला पूर्ण सलवार-कमीज घ्या, ओढणीसकट," असे त्यांनी बजावले. शेवटी मुलीला घागरा घालून आरशापुढे उभे करण्यात आले. घागरा कमरेवर ठरेना, म्हणून आईने नाडी आवळली. चोळी छातीशी दाटली. मुलगी दोन्ही हात छातीवर घट्ट बांधून उभी राहिली. दुकान भरलेले, माल दाखवणारी मुले समोर, आणि आई म्हणते, "अगं, हात खाली घे, नीट बघू दे!" मुलीने हात खाली घेतले नाहीत. "मला काहीच नको," एवढेच ती बोलली. घागरा बांधला गेला, बिल झाले. दुकानाच्या हिशोबाने तो चांगला गिऱ्हाईक-व्यवहार होता.

या प्रसंगात तिघींपैकी कोणीही वाईट नव्हते. तिघींनीही वेगवेगळ्या वयाच्या मुलीसाठी खरेदी केली, एवढेच घडले. आईने सहा वर्षांची बाहुली नटवली, आजींनी अठरा वर्षांची उपवर कन्या पाहिली आणि मुलीने स्वतःला पुतळ्याच्या जागी पाहिले. जी अकरा वर्षांची मुलगी प्रत्यक्ष आरशापुढे उभी होती, तिच्यासाठी मात्र कोणीच काही मागितले नाही. आणि खरे सांगायचे तर तिच्यासाठी दुकानात फारसे काही ठेवलेलेही नव्हते.

पूर्वी हा प्रश्न इतका टोकदार नव्हता. गुळेदगुड्डचा कमी पन्ह्याचा खण पोलक्यासाठी, चौकडीचे सुती कापड परकरासाठी, आणि बाकीचे काम घरातील काकूच्या किंवा आळीतील शिंप्याच्या हाती. परकराच्या तळाशी दोन-तीन दुमडी घातलेल्या असत. मुलगी उंच झाली की एक दुमड उसवायची; उसवलेल्या जागी कापडाचा मूळ रंग उजळ दिसे आणि त्या पट्ट्यांवरून मुलीची वर्षे मोजता येत. पोलक्याच्या शिवणीत बोटभर दाब ठेवलेला असे. काही घरांत लहान मुलींचा परकर कमरेला न बांधता वर बिनबाह्यांच्या बॉडीला जोडून घेत, म्हणजे सगळा भार खांद्यावर राही. त्या वेशाचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. परकर नेसून झाडावर चढणे किंवा सायकल चालवणे किती अवघड होते, हे आजच्या आज्यांना विचारावे. पण तो वेश शिवणाऱ्याने मुलीचे शरीर पाहिलेले असे, आणि ते वाढणार आहे हे गृहीत धरलेले असे.

तयार कपड्यांच्या कारखान्यात हे गृहीत उरत नाही. तेथे कापडाचे अनेक थर एकावर एक अंथरून एकाच वेळी कापले जातात. कपड्याच्या एकूण खर्चात कापडाचाच वाटा मोठा असतो. त्यामुळे प्रत्येक नगामागे अर्धा इंच दाब वाचला तरी शेकडो नगांमागे पुष्कळ मीटर वाचतात. म्हणून शिवण ओव्हरलॉक करून कडेलाच संपवली जाते. असा कपडा उसवून सैल करता येत नाही. दुसरे असे की, लग्नसराईतील नवी तऱ्हा आधी मोठ्या स्त्रियांसाठी निघते आणि पुष्कळ वेळा तोच नमुना मापाने लहान करून मुलींसाठी उतरवला जातो. येथेच खरी चूक होते. लहान मुलीचे शरीर हे स्त्रीच्या शरीराची छोटी प्रत नव्हे. आठ-नऊ वर्षांपर्यंत छाती आणि कंबर यांच्या मापात फारसा फरक नसतो, पोट किंचित पुढे असते, खांदे अरुंद असतात. कमरेत घेतलेला झगा अशा अंगावर वर सरकतो. घागऱ्याला अडकायला नितंबांचा आधार नसतो, म्हणून तो खाली घसरतो आणि मग नाडी आवळली जाते. रात्री कपडे बदलताना मुलीच्या कमरेवर उमटलेला लाल वळ पाहिला, तर खरेदी कोठे चुकली ते कळते.

मापाच्या आकड्यांबाबतही एक गैरसमज आहे. बालवस्त्रांवर साधारणतः सोळा, अठरा, वीस असे दोन-दोनने चढणारे आकडे किंवा 'आठ-नऊ वर्षे' अशी चिठ्ठी असते. एका कारखान्याचा अठ्ठावीस नंबर दुसऱ्याच्या तिसाएवढा भरतो. वयाची चिठ्ठी हा केवळ अंदाज असतो. तो चुकला तर मुलीला "केवढी जाड झालीस" असे ऐकवण्याचे काही कारण नाही. माप चिठ्ठीचे चुकलेले असते. घरीच टेपने छाती, कंबर, खांदा आणि पूर्ण उंची घेऊन कागदावर लिहून आणली, तर दुकानातील निम्मी ओढाताण वाचते.

सर्वांत अवघड वय नऊ ते तेराचे. वयात येण्याची लक्षणे मुलींमध्ये साधारणपणे आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान केव्हाही दिसू लागतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. त्याआधी वर्षाला पाच-सहा सेंटीमीटरने वाढणारी उंची या काळात काही मुलींत वर्षाला आठ सेंटीमीटरपर्यंत वाढते. दिवाळीत घेतलेला कपडा अक्षयतृतीयेला तोकडा होतो, तो याचमुळे. एकाच इयत्तेत शेजारी बसणाऱ्या दोन मुलींपैकी एक अजून फ्रॉकमध्ये शोभते, तर दुसरीला झुकून पाणी पितानाही संकोच वाटतो. नेमक्या याच ठिकाणी दुकानातला कप्पा रिकामा असतो. बालवस्त्रे बारा-चौदाच्या चिठ्ठीशी संपतात आणि स्त्रियांची मापे छातीला मोठी पडतात. मधल्या मुलीला एक तर बाळाचे, नाही तर बाईचे घालावे लागते.

या वयातील खरी गरज पुष्कळदा वरच्या कपड्याची नसतेच. आत घालायची मऊ सुती शमीज, अस्तर लावलेला कुर्ता, स्कर्टखाली घालायची अर्धी स्लॅक्स, या तीन गोष्टी मिळाल्या तर कित्येक मुली मैदानावर परत येतात. पाचवी-सहावीत लंगडी-खोखोत पुढे असणारी मुलगी सातवीत एकाएकी 'पोट दुखते' म्हणून बाकावर बसू लागते, तेव्हा कपड्यांचे कपाट एकदा तपासावे. सोलापूर हे शालेय गणवेशांच्या शिलाईसाठी नावाजलेले गाव आहे. गणवेश बेतताना पांढऱ्या कापडाचा पातळपणा प्रकाशासमोर धरून पाहण्याची पद्धत येथील कारागिरांना सांगायला नको. ती घरोघरच्या पालकांनीही उचलावी.

खरेदीच्या वेळी कपडा हँगरवर पाहून भागत नाही. मुलीने तो घालून दोन्ही हात वर करावेत, खाली वाकावे, मांडी घालून बसावे. पाठशाळेत सामायिकाला मांडी घालून बसता येत नसेल, तर तो कपडा कितीही उंची असो, परत ठेवावा. आतून हात फिरवावा. टिकल्यांची व जरीची टोके कातडीला लागतात आणि मुली ते सांगत नाहीत, नुसत्या चिडचिडतात. गळ्याशी ओढण्याची नाडी असलेले टोपीवाले कपडे लहानग्यांना घेऊ नयेत. घसरगुंडीत अशी नाडी अडकून गळफास बसल्याच्या घटनांवरून अमेरिकेतील ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि युरोपच्या प्रमाणित नियमांनुसार सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना गळ्याशी वा टोपीला अशी नाडी चालत नाही. तिरुपूरचे निर्यातदार परदेशी माल पाठवताना हे काटेकोरपणे पाळतात. इथल्या नातीच्या गळ्याचे मोल त्याहून कमी नाही.

दिवाळीच्या फटाक्यांजवळ नायलॉनची जाळी व पॉलिएस्टरचा घेर अगदी टाळावा. सूतही पेटते, परंतु कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो आणि जखम खोल जाते. फुलबाजीच्या वेळी अंगाबरोबरचा सुती कुर्ता, आणि मिरवायचा कपडा दुसऱ्या दिवशी, असे घरात ठरवून टाकावे. रेशमाविषयी या सभेत अधिक सांगण्याची गरज नाही. कोशातील जीवासकट उकळून काढलेला धागा अनेक घरांत वर्ज्य आहे, आणि 'आर्ट सिल्क' नावाने मिळणारे कापड रेयॉनचे की पॉलिएस्टरचे, हे दुकानदाराला विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. उत्तर देता आले नाही, तर तो दुकानदाराचा कमीपणा.

आता आजींच्या मुद्द्याकडे वळले पाहिजे, कारण तो सर्वांच्या मनात असतो आणि बोलला जात नाही. मुलीने अंग झाकावे, म्हणजे ती सुरक्षित राहील, अशी भाबडी समजूत आहे. वयाला शोभेल असा कपडा घ्यावा हे खरेच. परंतु "लोक काय म्हणतील, कोणी बघेल" हे कारण दहा वर्षांच्या मुलीला देऊ नये. दुसऱ्याच्या नजरेचा दोष त्या कोवळ्या खांद्यांवर टाकणे न्याय्य नाही. बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक बालकाला संरक्षण देतो, आणि मुलीने काय घातले होते यावर त्याने अपराध्याची सुटका ठेवलेली नाही. असे कारण ऐकून वाढलेली मुलगी, कधी काही विपरीत घडलेच, तर घरी येऊन सांगण्याआधी स्वतःच्या कपड्यांकडे पाहते आणि गप्प बसते. "यात तुला पळता येईल का? बसता येईल का? हे घालून तुला बरे वाटते का?" असे विचारले, तर मुलगी स्वतःच पुष्कळदा उघड्या खांद्यांचा टॉप खाली ठेवते, कारण तो सारखा वर ओढावा लागतो हे तिला दोन मिनिटांत कळते.

संस्थांनीही थोडे आत पाहावे. जन्मकल्याणकाच्या कार्यक्रमात त्रिशलामातेच्या स्वप्नांचे नृत्य बसवले जाते. दिगंबर परंपरेत सोळा स्वप्ने, श्वेतांबर परंपरेत चौदा. विषय किती उदात्त! पण भाड्याने आणलेले वेश पाहिले, तर सात-आठ वर्षांच्या मुलींच्या पाठी उघड्या, ओठांना गडद रंग, आणि चाल सिनेमातली. मग पुढच्या रांगेत बसलेल्यांनी घरी जाऊन मुलींना मर्यादेचे पाठ द्यावेत, हे विसंगत आहे. सुती घेरदार परकर आणि पुरी पाठ असलेली पोलकी संस्थेने एकदाच शिवून कपाटात ठेवली, दुमडी भरपूर घातल्या, तर ती वर्षानुवर्षे वेगवेगळ्या मुलींना होतील. अपरिग्रहाचा धडा त्यात आपोआप येतो, वेगळे भाषण लागत नाही.

आणि व्यापाऱ्यांचे काय? पुतळ्यावर काय चढवायचे हे व्यापारी ठरवतो, मुलगी नव्हे. मुलींच्या विभागात एक तरी अनुभवी स्त्री असावी. कपडे घालून पाहण्याच्या खोलीला पडदा नव्हे, कडी असलेले दार असावे. माप मुलीच्या संमतीने, आईच्या देखत घ्यावे. मधल्या वयाची मापे कमी खपतात म्हणून मागवायची बंद करू नयेत. यात तोटा होतो तो थोडा, आणि जे गिऱ्हाईक टिकते ते तीन पिढ्यांचे.

चाटी गल्लीतील तो घागरा भाऊबीज झाल्यावर बदलण्यासाठी परत आला. दुपारची वेळ होती, दुकान शांत होते. लग्नात मुलगी तासाभरातच घागरा काढून जुन्या फ्रॉकवर बसली होती, असे आईनेच सांगितले. या खेपेला दुकानातील मावशी मुलीला आतल्या खोलीत घेऊन गेल्या, दार लावले, माप घेतले आणि काय हवे ते हळू आवाजात विचारले. दोन शमिजी, अस्तराचा निळा सुती कुर्ता आणि स्लॅक्स एवढे निघाले. रक्कम घागऱ्याच्या निम्मीही झाली नाही. उरलेले पैसे दुकानाने परत दिले. आजींनी कुर्त्याची बाही ओढून पाहिली, शिवण उलटून दाब पाहिला आणि मान डोलावली. मुलीने आरशापुढे एकदा गिरकी घेतली, हात वर केले, आणि दोन्ही बाजू चाचपून म्हणाली, "मावशी, याला खिसा नाही?"

खिसा नव्हता. मुलींच्या कपड्यांना तो बहुधा नसतोच. पायरीवर मशीन घेऊन बसणाऱ्या शिंपीकाकांनी अस्तराच्या तुकड्यातून उजव्या शिवणीत खिसा बसवून दिला, आणि मुलीने त्यात हात घालूनच पायऱ्या उतरल्या.