साच्याचं गणित



आपल्या पेणकरांना साच्याचं गणित शिकवायला नको. एका साच्यातून शेकडो गणपती निघाले, तरच तो परवडतो. घराचंही तसंच. २०२२ मध्ये सिडकोने बामणडोंगरीला प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून ठेवलेल्या भिंती-स्लॅब जोडून ९६ दिवसांत ९६ घरं उभी केली. पण सिडकोला हजारो घरं बांधायची होती, क्रेनला मोकळी जागाही होती. आपल्या गल्लीत टेम्पो वळत नाही!

पुनर्विकासासाठी काहींना हेच तंत्र हवंय. एकट्या सोसायटीसाठी असं कर्ज मी बँकेत असताना मंजूर केलं नसतं. पेण-रोह्याच्या दहा-बारा सोसायट्यांनी जिने, स्लॅब एकाच मापाचे ठरवले आणि यार्ड हमरस्त्यालगत घेतलं, तर ठराव आणा. पहिली सही माझी.