फोर बाय फोर ही उताराची गाडी

(नरडाणा येथील वसंत व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मे महिन्यात नरडाण्यात बर्फावर बोलतो म्हटलं, की लोक आधी तब्येत विचारतात. विषय लिहून घ्यायला आलेल्या पोराने विचारलं, ‘अप्पा, बर्फ म्हणजे गोळ्याचा का?’ (हशा) गोळ्याचा नाही रे बाबा, हिमालयातल्या घाटाचा. तरी विषय आपल्याला अगदीच परका नाही. हा दारावरून जाणारा आग्रा रोड बघा. खाली गेलं की नाशिक, तिथे थार तयार होते. वर बिजासन घाट ओलांडून इंदूरच्या अंगाला पिथमपूर, तिथे गुरखा. देशातल्या दोन नावाजलेल्या फोर बाय फोर गाड्या ज्या रस्त्याला जन्माला येतात, त्या रस्त्याला आपण लसूण-कांद्याचे ट्रक मोजत बसलेले असतो.

मी सैन्याच्या पुरवठा दलात आधी ट्रक चालवले, नंतर चालवायला शिकवले. त्यामुळे आज थोडी मास्तरकी होईल, ती सोसा.

डिफरन्शियल म्हणजे काय, हे मी सांगत बसत नाही. समोर निम्मे ट्रॅक्टरवाले आहेत. काळ्या रानात, श्रावणातल्या गाऱ्यात एक चाक रुतून फिरत राहतं आणि दुसरं ढिम्म उभं, मग तुम्ही लॉकचं पेडल दाबता, ते तुम्हाला माझ्यापेक्षा बरं माहीत आहे. बर्फावर तेच होतं. इंजिनाचा जोर दोन चाकांऐवजी चारांत वाटला, की एकेका चाकाच्या वाट्याला ओढायचं काम कमी येतं आणि ते घसरत नाही. थारसारख्या गाडीत तुम्ही स्वतः लिव्हर टाकून हे करता. ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ म्हणून विकतात त्या बहुतेक गाड्यांत चाक घसरलं की गाडी आपणहून मागची चाकं जोडते. झालं. पुढे चला.

इतिहास दोन मिनिटांत. जपानच्या तोहोकू भागात वीज कंपनीच्या माणसांना हिवाळ्यात डोंगरातल्या लाइनी तपासायला जावं लागे. जीप गारठवून टाकायची, साधी कार अडकायची. त्यांच्या मागणीतून सुबारूने चारही चाकं चालणारी कार बनवली आणि १९७२मध्ये ती बाजारात आली. तिकडे युरोपात १९७७च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये चाचण्या चालू होत्या. ऑडीचे अभियंते यॉर्ग बेनझिंगर यांच्या लक्षात आलं, की लष्करासाठी केलेली साधीसुधी इल्टिस गाडी बर्फावर आपल्या ताकदवान गाड्यांना मागे टाकते. त्यातून १९८०मध्ये ऑडीची चारही चाकं चालणारी क्वाट्रो आली. पुढे १९८६मध्ये ऑडीने जाहिरात केली, गाडी थेट स्कीच्या उडीसाठी बांधलेल्या उतारावर चढवली. जग बघत राहिलं. त्या गाडीच्या टायरांना खिळे होते, हे मात्र कुणी बघितलं नाही.

तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलंय, फोर बाय फोर म्हणजे चढणारी गाडी. शोरूमच्या पोस्टरवर बघा, गाडीचं तोंड कायम वर. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. फोर बाय फोर ही उताराची गाडी आहे, आणि आपण ती उतारावरच वापरत नाही.

(मागच्या रांगेतून : ‘ब्रेक कशाले शे मंग?’ हशा.)

आलं! मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. ब्रेक चारही चाकांना असतो, पण तो मारुती ८००लाही होता. थांबायच्या बाबतीत तुमची वीस लाखांची गाडी आणि ती आठशे एकाच वर्गात बसतात. हिशोब शाळेतला आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून नऊ-दहा मीटरमध्ये उभी राहते. दाबलेल्या बर्फावर तिला तीसेक मीटर लागतात. काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर साठच्या पुढे. हे सपाटीवर. आता दहा मीटरला एक मीटर उतरणारा उतार घ्या आणि पकडही तेवढीच, दहात एक, धरा. चारही चाकांचा ब्रेक पूर्ण लागला तरी वेग कमीच होत नाही. तिथे ब्रेक म्हणजे देवीला बोललेला नवस.

एक प्रसंग सांगतो, दोन मिनिटांत. (अध्यक्ष घड्याळाकडे बघतात. हशा.) निवृत्तीनंतर मित्रांसोबत मनालीला गेलो होतो. सोलंगच्या वर रात्री बर्फ पडून गेलेला, सकाळी ऊन. हे ऊन वाईट. फार थंडीत, शून्याच्या खूप खाली, बर्फ तरी थोडा धरतो. शून्याच्या आसपास वर पाण्याचा पापुद्रा येतो आणि सगळं साबण. हे मी आमच्या टॅक्सीवाल्याला सांगतोय, तो मलाच शिकवतोय, की बाबूजी साखळ्या लावल्यात, निवांत बसा. तेवढ्यात वळणावर एक नवीकोरी फोर बाय फोर आडवी. नंबर बघतो तर एमएच १८! धुळ्याचा पासिंग! मी ओरडलोच. मित्र म्हणाले, अपघात बघून हा माणूस खूश कसा होतो? (हशा) खूश नव्हतो हो, पण घरापासून इतक्या लांब, बर्फात, आपला नंबर! उतरलो. चार पोरं, जॅकेट भाड्याची, पायात कॅनव्हासचे बूट, त्यामुळे गाडीआधी पोरंच घसरत होती. मी विचारलं, ‘कोठला शेतस?’ एक पोरगा रडायच्या बेतात होता, अहिराणी ऐकली आणि त्याला हसूच आलं. म्हणतो, ‘भाऊ, ब्रेक दाबा तरी गाडी जाईच राहिनी!’ त्यातल्या एकाने बॅगेतून कळण्याच्या भाकरी काढल्या. तिथे, रस्त्यात, गाडी आडवी, मागे हॉर्न, आणि आम्ही ठेचा-भाकर...

असो. मुद्दा हा, की मी आत डोकावलो तर लिव्हर टू व्हीलवर! का? तर चढ संपला म्हणून काढली. आणि गियर तिसरा. म्हणजे जे यंत्र उतारासाठी होतं, ते नेमकं उतार लागताच बंद केलं. खालच्या गियरमध्ये पाय सोडला की इंजिन गाडीला मागे धरतं. टू व्हीलमध्ये ते धरणं फक्त मागच्या दोन चाकांवर येतं, ती निसटतात, आणि शेपटी पुढे यायला बघते. फोर बाय फोरमध्ये, त्यातही सगळे गियर आणखी हळू करणाऱ्या लो रेंजमध्ये, तेच धरणं चारही चाकांत वाटलं जातं. हळू, पण गाडी सरळ उतरते. पोरांची गाडी आम्ही लो लावून, ब्रेकला पाय न लावता खाली आणली. टॅक्सीवाला तेवढा वेळ गप्प होता. (टाळ्या)

ज्यांनी गेल्या दिवाळीत अशी गाडी घेतली आणि जे आता माझ्याकडे रोखून बघतायत, त्यांनी रागावू नये. मी गाडीला नावं ठेवत नाही. माझ्या भाच्याकडे तीच आहे, त्याच गाडीतून आज इथे आलोय. आणि आपणहून चाकं जोडणाऱ्या गाड्यांत उताराला मागची चाकं जोडलेली राहतील की नाही, ते मॉडेलवर आहे. पुस्तिका वाचा. खोक्यात पडलेली असते, कोरी.

पण तुम्ही म्हणाल, अप्पा, आम्ही कुठे मनालीला चाललोय? मनालीला नाही, बिजासनला तर जाता? तिथे डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणारे किती जण इथे बसलेत, हात वर करू नका. (हशा) ४ जुलै २०२३ला त्याच रस्त्यावर पळासनेरला कंटेनर गाड्यांना धडकत हॉटेलात घुसला, किमान दहा माणसं गेली. ब्रेक निकामी झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. त्या गाडीबद्दल मी अधिक बोलणार नाही, पण लांब उतारावर ब्रेकवरच बसून राहिलं की तो तापतो, आणि तापला की धरत नाही, हे आमच्या शाळेत पहिल्या आठवड्यात शिकवायचे. ज्या गियरमध्ये चढाल, त्याच गियरमध्ये उतरा. हा नियम बर्फासाठी केलेला नाही, ट्रकवाल्यांचा जुना आहे. बर्फ फक्त चूक लवकर दाखवतो, तो...

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) पाच मिनिटं? बाहेर वरातही आलेली दिसते. बरं, मग उरलेलं भराभर.

टायर. सगळ्यात मोठी गोष्ट, आणि मी ती शेवटी ठेवली. रबराला पकड नसेल तर गियर काय आणि लिव्हर काय. आपल्या टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फ पकडतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत, म्हणून साखळ्या. बर्फ पडला की गुलमर्गला जाताना टंगमर्गला साखळीशिवाय पुढे सोडत नाहीत, ते बरोबरच आहे. साखळी बांधायचा सराव घरी अंगणात करा, बर्फात बोटं गोठतात. आणि बांधली म्हणून पळवू नका.

एबीएस लागला की पेडल पायाखाली थरथरतं, खरखरतं. घाबरून पाय उचलायचा नाही. ताज्या भुसभुशीत बर्फात त्याने थांबायचं अंतर उलट वाढतं, पण स्टिअरिंग तुमच्या हातात राहतं.

सावलीतलं वळण, पूल, आणि जिथे झऱ्याचं पाणी रस्त्यावरून वाहतं ती जागा, इथे सांभाळा. डांबर नुसतं ओलं, काळं दिसतं. ते ओलं नसतं, गोठलेलं असतं.

२०२४च्या डिसेंबरात सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या. अडकलात तर हीटर लावून झोपू नका. जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानात मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक माणसं दगावली. सायलेन्सर बर्फाने बुजला की धूर आत येतो. आधी उतरून तो मोकळा करा, काच बोटभर उघडी ठेवा.

डिझेल. इथून टाकी भरून नेलेलं डिझेल लडाखात मेणासारखं गोठतं. तिकडचं हिवाळी डिझेल घ्या. नोव्हेंबर २०१९पासून तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल मिळतं. रात्री हॅन्डब्रेक ओढू नका, तो गोठून चिकटतो. गाडी गियरमध्ये, चाकाला दगड, वायपर उभे. आणि सकाळी निघताना तो दगड रस्त्यातून बाजूला काढा, मागून येणारा आपलाच एमएच १८ असू शकतो. (हशा)

अध्यक्ष उभेच राहिले, तेव्हा थांबतो. साखळ्यांचा जोड भाच्याच्या गाडीत आहे. बांधून बघायचा असेल त्यांनी बाहेर यावं, वरात पुढे सरकली की लगेच दाखवतो.