अर्धं मिनिट

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

तुम्हां सर्वांचं अभिनंदन. तुमच्या पालकांचंही अभिनंदन. पोरगी सिनेमा शिकायला गेली म्हटल्यावर चार नातेवाइकांना तोंड त्यांनीच दिलं आहे.

मी ध्वनिमुद्रक. चाळीस वर्षं हेच काम केलं. अशा समारंभाला दिग्दर्शकाला बोलावतात, नटाला बोलावतात. आवाजवाल्याला सहसा कोणी बोलावत नाही. तुम्ही बोलावलंत, याचा मला मनापासून आनंद आहे. दुसऱ्यांचा आवाज नीट यावा म्हणून माझं आयुष्य गप्प बसण्यात गेलं. आज थोडं जास्त बोललो तर सांभाळून घ्या.

मी इचलकरंजीचा. आमच्या गल्लीत दोन्ही अंगांना यंत्रमाग. दिवसपाळी, रातपाळी, खटखट कधी थांबायची नाही. त्या खटखटीतच आम्ही अभ्यास करायचो, भांडायचो, झोपायचो. पाहुणा आला की त्याला रात्रभर डोळा लागायचा नाही. आमचं उलटं होतं. रात्री लाईट गेली, माग थांबले, की माझी आजी दचकून जागी व्हायची आणि विचारायची, "काय झालं रे?" मग त्या अंधारात एकेक गोष्ट ऐकू यायला लागायची. शेजारच्या घरातला खोकला, पत्र्यावरून चाललेलं मांजर, लांब कुठंतरी भजन. हे सगळं रोजचंच असायचं, फक्त मागांच्या खाली दबलेलं. मी अंथरुणात पडून ते मोजत बसायचो. या धंद्यातला माझा पहिला धडा तोच, आणि तो मला कुठल्याही शाळेनं दिलेला नाही.

पुढे मुंबईला आलो आणि एका जुन्या ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली माइकचा बूम धरायला लागलो. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. लोकेशनवर पोचलं की अण्णा केबल उलगडू द्यायचे नाहीत. आधी खाली बसायचे, डोळे मिटायचे आणि पाच-दहा मिनिटं नुसते ऐकायचे. युनिटला वाटायचं, म्हातारा प्रवासानं दमला. मग उठून मला सांगायचे, "मागच्या गोठ्यात एक गाय आहे, ती व्यालेली आहे, वासराला दुसरीकडे बांधलंय. ती हंबरणार. आधी वासरू तिच्याजवळ बांधायला सांग." आणि खरंच तसं असायचं.

प्रत्येक सीन संपला की अण्णा एकच गोष्ट मागायचे: अर्धं मिनिट. कोणी हलायचं नाही, कोणी बोलायचं नाही, नाग्रा टेपरेकॉर्डर चालू राहणार. तुम्ही त्याला रूमटोन म्हणून शिकला आहात. पण तो का घ्यायचा, हे परीक्षेपुरतं शिकलेलं लवकर विसरतं, म्हणून पुन्हा सांगतो. कोणतीही दोन ठिकाणं सारखी गप्प नसतात. शेणानं सारवलेल्या खोलीची शांतता वेगळी, शहाबादी फरशीच्या खोलीची वेगळी. एडिटर दोन टेक जोडतो, मधला खोकला काढतो, तेव्हा तिथं भोक पडतं. प्रेक्षकाला ते भोक कळत नाही, पण त्याचा कान ठेचकाळतो आणि त्या माणसांवरचा त्याचा विश्वास क्षणभर सुटतो. ते भोक त्याच खोलीच्या शांततेनं बुजवावं लागतं. दुसऱ्या खोलीची चालत नाही.

एकदा एका व्यवस्थापकानं अण्णांना सगळ्यांसमोर विचारलं, "कोणी बोलत नाही, मग तुम्ही टेप कसली जाळताय?" ऐंशी माणसं हसली. अण्णा काही बोलले नाहीत. हेडफोन काढून त्यांनी त्याच्या कानाला लावले. तो बराच वेळ तसाच उभा राहिला. त्या सिनेमात तरी पुन्हा कोणी आमचं अर्धं मिनिट तोडलं नाही.

पण अण्णा एकच होते. बाकी आयुष्यभर मी काय पाहिलं? ढग आला की अख्खं युनिट सूर्यासाठी तासभर थांबतं. चहा होतो, पत्ते होतात, कोणाची तक्रार नसते. आणि कुत्रं भुंकतंय, दोन मिनिटं थांबा म्हटलं की आवाजवाला कटकट करतो. लोकेशन ठरवायला गाडी जाते तेव्हा तिच्यात ध्वनिमुद्रकाला जागा नसते. मग हायवेला लागून असलेलं सुंदर घर ठरतं आणि आमच्या हातात ट्रकांचे हॉर्न येतात. बजेट कापायचं ठरलं की पहिली कात्री आमच्यावर. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. याची किंमत सिनेमा मोजतो, आणि मी ती मोजताना पाहिली आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शूटिंग होतं. रंगभूमीवरून आलेल्या, साठी उलटलेल्या एक बाई आईची भूमिका करत होत्या. सीन एवढाच: पोस्टमन येतो, मुलाला पाठवलेली मनिऑर्डर परत आली आहे. मुलानं पत्ता बदललाय आणि आईला कळवलेलं नाही. बाई पैसे हातात घेतात, मोजत नाहीत, आणि म्हणतात, "बरं." बस्स. त्या "बरं"च्या आधी त्यांनी श्वास घेतला आणि तो पुरता सोडलाच नाही. हेडफोनमध्ये ते ऐकताना माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली.

पण त्या शब्दाखाली विहिरीवरचं डिझेल इंजिन भकभकत होतं. शेतकऱ्याला सांगून पाच मिनिटं बंद करून आणणं सहज शक्य होतं, सायकलवर कोणाला तरी पाठवायला हवं होतं. ऊन उतरत होतं. दिग्दर्शकानं माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "राहू दे, डबिंगला बघू."

हे वाक्य त्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या तोंडून आलेलं नाही. मी बोललो.

तीन महिन्यांनी मुंबईत, वातानुकूलित खोलीत, ते डबिंग झालं. तेव्हा फिल्मच्या तुकड्याची दोन्ही टोकं जोडून त्याचा लूप करायचे; तोच क्षण पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरायचा. बाईंनी बावीस वेळा "बरं" म्हटलं. ओठ जुळले. श्वास जुळला नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, ते पैसे आता हातात नाहीत ना." सिनेमा आला आणि गेला. ती टेप पुसून दुसऱ्या कामाला वापरली गेली. बाई आता नाहीत. ते "बरं" आता फक्त माझ्या कानात आहे, आणि माझ्याबरोबर तेही जाईल.

आपल्याकडे डबिंगची सवय का लागली, तेही सांगितलं पाहिजे. लोकेशनवरचे हलके कॅमेरे शिवणयंत्रासारखे खडखडायचे. त्यामुळे जागेवरचा आवाज फक्त खुणेपुरता घ्यायचा आणि खरा आवाज मागाहून स्टुडिओत भरायचा, ही रीत पडली. पुढे न खडखडणारे कॅमेरे आले, तरी रीत तीच राहिली. 2001 साली 'लगान'नं कच्छच्या उन्हात एवढ्या मोठ्या गर्दीचा सिनेमा जागेवरच्या आवाजात करून दाखवला, तेव्हा कुठं धंद्यातल्या लोकांना पटलं की हे जमतं. पण जमतं हे आपल्याला फार आधीपासून ठाऊक होतं, आणि ते आपल्याच माणसांनी दाखवलं होतं, म्हणून मला जास्त त्रास होतो.

1937 सालचा 'कुंकू' घ्या. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरचा, शांतारामबापूंचा. बोलपट येऊन सहा वर्षं झाली होती, पडद्यावर गाणी आणि वाद्यं यांचा पूर आला होता, आणि या माणसानं ठरवलं की आपल्या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली तरुण मुलगी, तिचं ते घर, घरातलं जुनं घड्याळ. वाद्यवृंद कुठंच नाही. जे वाजेल ते त्या दृश्यातलं वाजेल. शांता आपटे आणि केशवराव दाते समोरासमोर उभे राहतात, तेव्हा आपल्याला काय वाटायला हवं हे व्हायोलिन सांगत नाही. ते आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं. आज असा निर्णय घ्यायला निघालात तर दहा जण तुम्हाला वेड्यात काढतील. त्या वेळचे मायक्रोफोन कसे होते याचा विचार करा, म्हणजे ती हिंमत कळेल.

'कुंकू' काढणाऱ्या त्याच प्रभात कंपनीत, बोलपट आले तेव्हा ध्वनीचं खातं विष्णुपंत दामल्यांनी अंगावर घेतलं होतं. तेच दामले पुढे फत्तेलालांबरोबर 'संत तुकाराम' करतात आणि तो 1937 मध्ये व्हेनिसला वाखाणला जातो. आवाजाचं यंत्र हाताळणारा माणूस आणि चित्रकार, असे हे दोघे दिग्दर्शक. त्या सिनेमातली जिजाई आठवा. तिचा करवादलेला आवाज काढून टाका आणि मग तुकाराम बघा. तो हवेत तरंगायला लागेल. तुकोबांना जमिनीवर ठेवलं आहे ते जिजाईच्या आवाजानं.

कॅमेऱ्याच्या बाबतीतही वेगळं नसतं. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'साठी काशीच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. अशा अंगणात उजेड वरून, आभाळातून झिरपत येतो. त्याला सावली जवळजवळ नसते. स्टुडिओतल्या दिव्यांना तो येईना. कॅमेरामन सुब्रत मित्रांनी अंगणावर पांढरं कापड ताणलं, दिवे त्या कापडावर मारले आणि परतून आलेल्या उजेडात चित्रण केलं. 1956 सालची गोष्ट. सगळे ज्याला तंत्र म्हणतात ते त्या कापडात आहे, मान्य. पण त्याच्या आधी त्या माणसानं काशीतल्या अंगणात उजेड कसा पडतो हे बघितलं होतं. अण्णा डोळे मिटून बसायचे, ते हेच काम.

आता एका आजोबांचं सांगतो. शेतकऱ्यांवरचा एक सिनेमा आम्ही गावोगाव शाळेच्या पटांगणात दाखवत होतो. खेळ संपल्यावर एक म्हातारे माझ्यापाशी आले. म्हणाले, "सगळं झ्याक हाय, पर तुमच्या गावात पावशा कसा वरडत न्हाई?" मला आधी कळेना. ते म्हणाले, "पेरणीच्या तोंडावर पावशा वरडतोच की. त्यो न्हाई वरडला तर आमी पेरायचं कसं?" ते खरं होतं. त्या सीनचे पक्षी आम्ही एका परदेशी ध्वनिसंग्रहातून घातले होते. छान, स्वच्छ आवाज होते. ते पक्षी महाराष्ट्रात नसतातच. मुंबईत मिक्सिंगला बसलेल्या आम्हां सहा जणांपैकी एकालाही हे खटकलं नव्हतं. पुढच्या जूनच्या आधी मी आठ दिवस माणदेशात जाऊन पावशा टिपून आणला. सिनेमाला त्याचा उपयोग नव्हता, प्रिंट निघाल्या होत्या. तरी आणला.

तुमच्या हातात आज जे आहे ते आमच्याजवळ नव्हतं. एका बटणानं पंख्याची घरघर जाते, दुसऱ्या बटणानं ट्रक जातो. माझी त्याला हरकत नाही. माझ्या त्या "बरं"खालचं इंजिन आज कदाचित काढता आलं असतं. पण मी रोज पाहतो, की घरघर काढताना श्वासही निघून जातो, आणि मग ते मेलेलं वाक्य जिवंत वाटावं म्हणून त्याच्याखाली संगीत अंथरतात. एका सीनमध्ये नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत. प्रेक्षकाला एक क्षण स्वतःचं स्वतः ऐकू द्यायची आपल्याला भीती वाटायला लागली आहे. मला या एकाच गोष्टीची काळजी आहे, आणि ती मी तुमच्यापुढे ठेवायला आलो आहे.

ही भीती नसली की काय होतं ते 'सैराट'मध्ये बघा. 2016 साली मी तो सोलापुरात पाहिला. 'झिंगाट'ला पोरं खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचत होती. अजय-अतुलच्या संगीतानं तुडुंब भरलेला सिनेमा, आणि शेवटी नागराज मंजुळे सगळा आवाज काढून घेतात. नायक-नायिकेचं लहान मूल रडतं, त्याचं रडणं ऐकू येत नाही. त्याची लाल पावलं उमटत जातात. मघाशी नाचणारी पोरं जागच्या जागी उभी होती. तिथं रूमटोनसुद्धा नाही. मी आयुष्यभर ज्याला चूक म्हणत आलो ती गोष्ट तिथं केलेली आहे आणि ती शंभर टक्के बरोबर आहे, कारण त्याच्याआधी त्यांनी आपल्याला जवळजवळ तीन तास ऐकवलं आहे. किंवा चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' बघा. सुट्टी लागते, न्यायालय रिकामं होतं, एकेक दिवा मालवला जातो आणि पडदा काळा होतो. कॅमेरा हललेला नाही. प्रेक्षकाला वाटतं, सिनेमा संपला. संपलेला नसतो. इतका वेळ काळोखात थांबायला दिग्दर्शकाला धीर लागतो.

म्हणून तुम्हाला जपून ठेवायला मी एकच वाक्य देतो, ते तोंडून कधी काढू नका: "नंतर बघू." उजेडाबद्दल नको, आवाजाबद्दल नको, नटाच्या श्वासाबद्दल तर अजिबात नको. जे समोर आहे ते आत्ता आहे. इंजिन बंद करायला माणूस पाठवा. वेळ गेला म्हणून ओरडा बसेल, तो खा.

आणि तुमच्यातले जे दिग्दर्शक होतील, त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. अण्णा गेले त्याला बरीच वर्षं झाली. ते जे मागायचे तेच मी मागतो. शेवटचा टेक ओके झाला, नट उठले, सगळ्यांना घरी जायची घाई आहे. तेव्हा कोपऱ्यात हेडफोन लावून एक जण उभा असेल आणि तुमच्याकडे बघत असेल. पॅकअप म्हणण्याआधी त्याला ते अर्धं मिनिट द्या. आणि जमलं तर तुम्हीही त्याच्याबरोबर ऐका.