अंधारात बॅटरी कुठे धरायची?
(स्नेहसंमेलनाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी केलेले भाषण)



आयोजकांनी मला सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर आपल्या ग्रुपवर रोज सकाळी कोणी ना कोणी बोलतंच. उद्या आपण पहाटे लोणारला मोर बघायला जाणार आहोत. पन्नाशीकडे झुकलेली चाळीसेक माणसं अंधारात चालणार. तेव्हा मी बॅटरीवर बोलते. हसू नका, विषय वाटतो तितका लहान नाही.

काही वर्षं मी अमेरिकेत नोकरी केली. माझा तिथला एक सहकारी वसंत ऋतूत टर्कीच्या शिकारीला जायचा. तिकडे ती परवाना घेऊन करता येते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते चांगलंच झालं. पण त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. टर्की रात्री उंच झाडावर बसतो आणि उजाडताना खाली उतरतो. म्हणून शिकारी अंधारातच चालत जाऊन त्या झाडापासून काही अंतरावर बसतात. आता प्रश्न असा, की जाताना दिवा लावायचा की नाही? त्यांच्यात यावरून दोन तट आहेत. एक तट म्हणतो, दिवा दिसला की पक्षी सावध होतो, सवयीच्या वाटेने अंधारातच जावं. दुसरा म्हणतो, पाय मोडून घेण्यापेक्षा दिवा बरा. माझा सहकारी दुसऱ्या तटातला होता. त्याचं कारण वेगळं होतं. त्या रानात बंदूक घेतलेली आणखीही माणसं असतात. अंधारात हलणारी सावली म्हणजे पक्षी असं कोणाला वाटू नये, म्हणून तो दिवा लावायचा. दुसऱ्याने आपल्याला माणूस म्हणून ओळखावं, यासाठी त्याचा दिवा होता.

मोर, कोंबडी, तित्तर आणि टर्की हे सगळे एकाच कुळातले. मोरही रात्री उंच झाडावर बसतो, पहाटे ओरडतो आणि उजाडल्यावर खाली उतरतो. त्यामुळे त्या शिकाऱ्यांचं शहाणपण आपल्याला बंदुकीशिवाय वापरता येतं.

आधी डोळ्याचं बघू. जीवशास्त्राच्या बाईंनी फळ्यावर डोळ्याची आकृती काढून दंडपेशी आणि शंकूपेशी शिकवल्या होत्या. अंधारात काम करतात त्या दंडपेशी. उजेडातून अंधारात गेल्यावर त्यांना पुरतं जागं व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि मोबाइलचा पांढरा झोत एकदा डोळ्यावर आला की ती सगळी तयारी वाया जाते. गडद लाल उजेडाला मात्र या पेशी फारशा दाद देत नाहीत. म्हणून आकाशनिरीक्षण करणारे लाल दिवा वापरतात. आपणही टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद लावावा, दुकानात पाच-दहा रुपयांना मिळतो.

पण लाल दिवा लावला म्हणजे मोराला दिसणार नाही, असं समजू नका. रोही, हरीण यांना लाल रंग नीट दिसत नाही हे खरं. पक्ष्यांना मात्र तो उत्तम दिसतो, रंगांच्या बाबतीत ते आपल्यापेक्षा सरस आहेत. म्हणजे लाल दिवा आपल्या डोळ्यांसाठी आहे. मोरासाठी नियम वेगळा: झोत जमिनीवर, पावलापुढे दोन-तीन हातांवर. झाडाच्या शेंड्याकडे कधीच नाही. बसलेल्या पक्ष्याला अंधारात फार कमी दिसतं. तो घाबरून उडाला तर फांदीवर किंवा तारेवर आपटू शकतो.

आता आपल्या भागाचं. बुलढाणा-खामगाव रस्त्यावरून बोथ्याच्या जंगलातून आपण सगळेच गेलोय. तेच ज्ञानगंगा अभयारण्य. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक वाघ तेराशे किलोमीटरहून जास्त चालून तिथे आला आणि आपला जिल्हा देशभरच्या बातम्यांत झळकला. पण तिथल्या गावकऱ्यांना विचारा, ते वाघापेक्षा अस्वलाला जास्त भितात. अस्वलाची नजर बेताची. माणूस अचानक समोर आला की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. अशा वाटेवर गुपचूप, दिवा न लावता जाणं म्हणजे संकटाला आमंत्रण. तिथे दिवा हवा, सोबत हवी, आणि बोलत जायला हवं.

बुद्धपौर्णिमेला वनविभाग पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर प्राणी मोजायला लोकांना बसवतो. मीही एकदा ज्ञानगंगेत बसले आहे. तिथला नियम बरोबर उलटा. दिवस मावळायच्या आत मचाणावर चढायचं, सकाळपर्यंत उतरायचं नाही आणि बॅटरी लावायची नाही. चंद्राचा उजेड पुरतो. म्हणजे बसलेल्याने दिवा विझवावा आणि चालणाऱ्याने लावावा.

झोत टाकला की जनावराचे डोळे चमकतात, हे आपल्याला माहीत आहे. बुबुळामागच्या एका थरावरून उजेड परत फिरतो म्हणून ते चमकतात. पण रानडुकराच्या डोळ्यात तो थर नसतो. रोही लांबूनच कळेल, डुक्कर मात्र दहा पावलांवर उभं असलं तरी त्याचे डोळे चमकणार नाहीत. काही चमकलं नाही म्हणजे वाट मोकळी आहे, असं धरू नका.

मित्रांनो, आपण एक दिवस हौसेने पहाटे उठणार. या जिल्ह्यात कितीतरी माणसं पोटासाठी रात्री चालतात. शेतीच्या पंपाला थ्री-फेज वीज कित्येक वर्षं आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळत आली. रात्रीची पाळी आली की माणूस मध्यरात्री ओलितासाठी वावरात. पिकात डुकरं, रोही शिरतात म्हणून जागल वेगळी. माझे बाबाही जायचे. आमच्या घराच्या ओट्यावरून पांदण दिसायची. बाबांच्या बॅटरीचा ठिपका हलत हलत येताना दिसला की आई चूल पेटवायची. तो दिसेपर्यंत तिला झोप नसायची. तुमच्यापैकी अर्ध्या घरांत हेच असेल. आता सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज यायला लागली आहे, पण अजून सगळ्यांच्या वावरात ती पोचलेली नाही.

त्या अंधारात दोन गोष्टी जिवावर बेततात. पहिली साप. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. वर्षाला साधारण अठ्ठावन्न हजार. बहुतेक खेड्यातली, आणि पावसाळ्याच्या महिन्यांत जास्त. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, हे चारही आपल्याकडे आहेत. पावलापुढे उजेड आणि पायात बूट, एवढ्याने यातलं बरंच टळतं. दुसरी गोष्ट, डुकरांसाठी धुऱ्यावर सोडलेली विजेची तार. हे बेकायदा आहे आणि त्यात डुकरापेक्षा शेजाऱ्याचा, मजुराचा, कधी तार लावणाऱ्याचाच जीव जातो. ही तार बॅटरीच्या झोतातही सहज दिसत नाही. आपल्यापैकी जे शेती करतात त्यांनी गावात हे स्पष्ट बोललं पाहिजे. माझ्यासारखी पुण्यात बसलेली बाई बोलली तर कोण ऐकेल?

शाळेला काय भेट द्यायची यावर गेले दोन महिने ग्रुपवर चर्चा चालू आहे. प्रोजेक्टर, वॉटर कूलर, कमान, सगळं झालं. मी एक सुचवते. आपल्या बॅचमध्ये दोन डॉक्टर आहेत. दरवर्षी जूनमध्ये, शाळा उघडली की, त्यांनी एक तास मुलांना सर्पदंशाबद्दल सांगावं: जखम कापायची नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही, अंग हलू न देता १०८ ला फोन करून सरळ दवाखान्यात. आणि ज्या मुलांच्या घरचं कोणी रात्री वावरात जातं, त्या प्रत्येक घरी डोक्याला लावायचा एक चार्जिंगचा दिवा द्यावा. दोन्ही हात मोकळे राहतात, एका हातात फावडं, दुसऱ्या हातात काठी. कमानीच्या खर्चात असे किती दिवे येतील, याचा हिशेब मी केला आहे. तो गणिताच्या सरांकडून तपासून घेऊन खजिनदारांकडे देते.

आता उद्याचं. सूर्योदय सातच्या सुमारास आहे. पूर्वेला पहिली फट त्याच्या सव्वा तास आधी पडते, म्हणजे साधारण पावणेसहाला. आपण साडेपाचला चालायला सुरुवात करू. पुढे एक दिवा, मागे एक दिवा, मधल्यांनी बॅटरी खिशात ठेवायची. मोबाइलचा फ्लॅश बंद. अंधारात विवरात उतरायचं नाही, काठावरच थांबायचं, नीट उजाडल्यावर पायवाटेने खाली. सरांना आणि बाईंना मधे ठेवायचं, प्रत्येकासोबत एक जण. फुलबाहीचं आणि बूट घाला. तिथे पोचलो की दोन्ही दिवे विझवायचे आणि वीस मिनिटं कोणीही बोलायचं नाही. मागच्या बाकावरच्यांना हे जमेल का, याबद्दल वर्गशिक्षकांनी आत्ताच मान हलवली आहे!

दिव्यांच्या यादीसाठी कोणाला नाव द्यायचं असेल तर मी जेवणाच्या रांगेत शेवटी उभी आहे.