शेजारचे देश आणि आपली कांदा चाळ

शिरूर-दौंड भागात आपण चाळी भरतो त्या कांद्याचे एक मोठे गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. २९ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने निर्यात एकाएकी थांबविली. पाचच दिवसांनी त्या देशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत म्हणाल्या की, आधी कळविले असते तर दुसरीकडून सोय केली असती. आता स्वयंपाक्याला बिनकांद्याचे जेवण करायला सांगितले आहे. बोलणे हसण्यावारी होते, पण मागणी रास्त होती. तरीही सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच घडले. ढाक्याने मग म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तानचा कांदा आणला. सार्क देशांचा मुक्त व्यापार करार २००६ पासून आहे. पण नुसती जकात घटवून तुटलेले गिऱ्हाईक परत येत नाही. बंदीची आगाऊ सूचना देण्याचा करार शेजाऱ्यांत हवा आणि उत्पादक संघांनी तो मागावा, असे माझे मत आहे.

तोवर आपल्या हाती साठवण आहे. २०२३ ची बंदी मे २०२४ पर्यंत चालली. खरिपाचा कांदा इतका टिकत नाही. चाळीत रब्बीचाच भरावा. नत्राचा शेवटचा हप्ता लागवडीनंतर ४५ दिवसांच्या आत द्यावा, काढणीपूर्वी दोन आठवडे पाणी तोडावे. जोडकांदा व डेंगळे निवडून आधी विकावेत.